टोपी उतरवण्याची कला

मराठी शिकवणाऱ्या माणसाने ट्रकच्या चाकावर लिहावे, हे काही शुभलक्षण नव्हे. ‘सरांची गाडी रुळावरून घसरली,’ असे आमचे विद्यार्थी म्हणतील. म्हणोत बापडे! गाडी घसरली नाही. घसरता घसरता वाचली. कशी वाचली, तेच दिवाळीच्या फराळाबरोबर सांगायचे आहे.

गेल्या मे महिन्यात आमची बदली साताऱ्याहून पुण्याला झाली. सामान फार नव्हते: दोन कपाटे, एक पलंग, सौभाग्यवतींची भांडी आणि माझ्या पुस्तकांची अकरा खोकी. सौ. आणि कन्या एस.टी.ने पुढे गेल्या. मी आणि चिरंजीव सामानाच्या छोट्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलो. चिरंजिवांनी बारावीची परीक्षा दिली होती आणि निकाल लागल्यापासून मौन धरले होते. फिजिक्समध्ये ते नापास झाले होते. ‘का?’ हा एकच प्रश्न मी पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ विचारीत होतो आणि पंधरा दिवस उत्तर येत नव्हते.

खंबाटकीचा बोगदा ओलांडून खंडाळा मागे टाकला आणि पुढच्या डाव्या चाकातून ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की आवाज वाढे. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, हाताची पाठ चाकाच्या मध्याजवळ नेली आणि चटकन मागे घेतली. जळक्या ग्रीसचा वास येत होता. उजवे चाक मात्र कोमट होते.

“हळूहळू पुण्यापर्यंत जाईल, सर,” तो म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर त्याचाही विश्वास दिसेना. रांगत रांगत आम्ही शिरवळच्या अलीकडे एका गॅरेजपर्यंत पोचलो.

मिस्त्री जेवायला गेले होते. आता गप्प बसावे की नाही? पण शिक्षकाला गप्प बसणे ठाऊक नसते. चाकाच्या मधोमध पत्र्याची वाटीसारखी टोपी बसवलेली होती. ‘बेरिंग हिच्या आतच असतं,’ ड्रायव्हर म्हणाला. मी त्याचा मोठा पेचकस घेतला, टोपीच्या काठाशी टेकवला आणि हातोडी हाणली. टोपी हलली नाही. मी आणखी जोरात हाणली, त्याच जागी. टोपीला खळगा पडला आणि ती अधिकच घट्ट रुतून बसली. चिरंजीव लांबून पाहत होते. बोलले काहीच नाहीत.

तेवढ्यात मिस्त्री आले. साठीचे गृहस्थ, हात कोपरापर्यंत काळे, पण बोलणे मोठे स्वच्छ. त्यांनी टोपी पाहिली, मग मला पाहिले.

“मास्तर दिसताय.”

“कशावरून?”

“एकाच जागी मारलंय.”

चाक निवेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पाणी ओतू का, असे विचारताच ड्रायव्हरवर ओरडले. मग मागच्या चाकांना दगड लावले, जॅकने पुढची बाजू उचलली आणि जॅकवर विसंबून न राहता खाली जाड लाकडी ओंडका सरकवला. दोन्ही हातांनी चाक वर-खाली हलवून पाहिले. ते खुळखुळत होते. टोपीच्या सांध्यात गंज होता. तिथे थोडे तेल सोडले आणि चहा सांगितला. “तेलाला वेळ द्यायचा. ते आपल्या पायानं आत जातं.”

चहा झाल्यावर त्यांनी अचानक चिरंजिवांना हाक मारली. “ये रे पोरा. माझी नजर आता बारीक कामाला पोचत नाही.” आपला गॉगल त्याच्या डोळ्यांवर चढवला, हातात एक पातळ छिन्नी आणि लहान हातोडी दिली. “छिन्नी टोपी आणि हब यांच्या फटीत धर. दोन हलके ठोके मार. मग चाक थोडं फिरव. परत दोन ठोके. एका जागी हट्ट करायचा नाही. ती सगळीकडून सुटली पाहिजे, मग आपोआप येते.”

पहिल्या फेरीत काही झाले नाही. दुसऱ्या फेरीत गंजाची भुकटी पडली. तिसऱ्या फेरीत केसाएवढी फट दिसली. पाचव्या फेरीला टोपी ‘टप्’ करून चिरंजिवांच्या हातात आली.

आतले ग्रीस काजळासारखे काळे आणि कोरडे झाले होते. मिस्त्रींनी टोपी उलटी करून मला दाखवली. माझ्या खळग्याशेजारी एक जुना खळगा होता. “तुमच्या आधीही कुणीतरी घाई केलीय. तशीच वाकडी टोपी ठोकून बसवली. मग फटीतून धूळ गेली, पावसाचं पाणी गेलं, ग्रीस मेलं आणि बेरिंग जळलं. टोपीचं काम एवढंच, मास्तर: आत घाण जाऊ द्यायची नाही.”

टोपीखाली किल्ल्याच्या बुरुजासारख्या खाचांचा एक नट आणि त्यातून आरपार गेलेली एक पिन होती. ती पाहून मला कीर्तनातली कथा आठवली. दशरथाच्या रथाच्या आंसाची खीळ निखळली तेव्हा कैकेयीने तिथे आपले बोट घातले आणि त्याबद्दल दोन वर मिळवले. पुढचे रामायण आपण जाणतोच! इथे तेच काम एक किरकोळ पिन करते; म्हणून मिस्त्री जुनी पिन कधीही पुन्हा घालत नाहीत. बेरिंगमधले रोलर निमुळते होते. अमेरिकेत घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ साली अशा बेरिंगचे पेटंट मिळवले, हे मी नंतर पुस्तकात पाहिले. निमुळते असल्यामुळे ते गाडीचे ओझेही पेलतात आणि वळणावरचा आडवा जोरही.

ड्रायव्हरने गावातून नवी बेरिंगे, सील, पिन आणि टोपी आणली. मिस्त्रींनी तळहातावर ग्रीस घेऊन ते बेरिंगच्या रोलरांमध्ये दाबून भरले. चाक फिरवत फिरवत नट आवळला आणि मग किंचित सैल केला. “आवळूनच ठेवला तर परत जळेल.” नवी टोपी बसवतानाही तेच: फुगवट्यावर नव्हे, काठावर, गोल फिरत, हलके ठोके.

तीन तास गेले. संध्याकाळी कापूरहोळला आम्ही चहाला थांबलो. माझ्या जिभेवर तोच प्रश्न आला होता. तो मी चहाबरोबर गिळला आणि म्हणालो, “पाचव्या फेरीला निघाली, नाही का?”

“चौथ्या फेरीलाच हलली होती, बाबा,” तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “त्या पेपरला मला येत होतं. पण पहिलंच गणित अडलं आणि हातच चालेना. तुम्हाला काय सांगायचं, याचाच विचार करत तीन तास बसलो.”

पंधरा दिवस मी कुठे ठोके मारीत होतो, ते मला तेव्हा कळले. कात्रज येईपर्यंत तो बोलत होता आणि मी, आयुष्यात प्रथमच बहुधा, मध्ये बोललो नाही.

पुरवणी परीक्षेत तो पास झाला. फार गुण पडले नाहीत. पण पेपरहून आल्यावर काय लिहिले आणि काय राहिले, ते त्याने न विचारता सांगितले.

ती दोन खळग्यांची टोपी माझ्या टेबलावर आहे. सौ.ने ती दोनदा भंगारात टाकली आणि मी दोनदा परत आणली. सवय जात नाही. अजूनही कधीकधी माझा आवाज चढतो आणि एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो. मग चिरंजीव काही बोलत नाहीत. ती टोपी उचलतात आणि माझ्यासमोर आणून ठेवतात.