किम सिस्टर्स यांना 'नकलाकार' ठरवणारा इतिहास अपुरा का?

१/८
के-पॉपचा जन्म १९९२ साली झाला आणि त्याआधी कोरियात केवळ अमेरिकी गाण्यांची नक्कल होत होती, असे विधान समाजमाध्यमांवर सर्रास आढळते. ते सोयीचे आहे. पण पुराव्यासमोर टिकत नाही.

२/८
१९५० साली कोरियन युद्ध पेटले. संगीतकार किम हे-सोंग यांना उत्तर कोरियाच्या सैन्याने पकडून नेले. ते परतले नाहीत. मागे उरल्या मुले आणि पत्नी ली नान-योंग. जपानी अमलात, १९३५ साली, 'मोकपोचे अश्रू' या गाण्याने कीर्ती मिळवलेली ही गायिका.

३/८
लीबाईंनी सूक-जा, आय-जा या मुली आणि भाची मिन-जा यांना अमेरिकी लष्करी छावण्यांत गायला उभे केले. मुलींना इंग्रजी येत नव्हते. अर्थ न कळता, नुसत्या उच्चारांवरून त्यांनी गाणी पाठ केली. सैनिकांनी दिलेल्या मद्याच्या बाटल्या विकून घरात अन्न येई.

४/८
नक्कल म्हणायची तर निवडीला वाव हवा. येथे कोणते गाणे गायचे हे भुकेने ठरवले.

५/८
आता 'अस्सल' म्हणजे काय तेही पाहू. त्यांनी गायलेले 'चार्ली ब्राउन' मुळात कोस्टर्स या कृष्णवर्णीय गायकवृंदाचे. ते रचले लीबर आणि स्टोलर या दोन ज्यू गोऱ्यांनी. तरीही कोस्टर्सना कोणी उसने गायक म्हणत नाही. मग हा निकष केवळ कोरियन मुलींनाच का?

६/८
१९५९ साली त्या लास व्हेगासला पोहोचल्या. कार्यक्रमाचे नाव होते 'चायना डॉल रेव्ह्यू'. कोरियन तरुणींवर चिनी बाहुल्यांचा शिक्का मारणाऱ्या त्या बाजारात त्या टिकल्या, अनेक वाद्ये वाजवू लागल्या आणि एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पुनःपुन्हा झळकल्या.

७/८
हा व्यवहार विषम होता, हा आक्षेप रास्तच आहे. अमेरिकी गायकांवर पोटासाठी कोरियन गाणी घोकण्याची वेळ आली नाही. पण त्या विषमतेचा जाब सत्तेला विचारायचा असतो. तिच्या तावडीतून वाट काढणाऱ्या मुलींना नव्हे.

८/८
१९९२ हा मैलाचा दगड जरूर आहे. मात्र तेथूनच रस्ता सुरू झाला असे मानले, की छावण्यांत गाऊन घर चालवणाऱ्या या मुली इतिहासातून आपोआप गळतात.