विजेची वही मुलांच्या हाती

“दिवा मालव”, “पंखा बंद कर” ही वाक्ये घरोघरी दिवसातून अनेकदा उच्चारली जातात. मुले ती ऐकतात आणि विसरतात. यात त्यांचा दोष थोडाच. कारण डब्यातील तांदूळ कमी होताना दिसतात, तशी वीज दिसत नाही. न दिसणाऱ्या वस्तूची काटकसर मुलांना शिकवावयाची कशी?

उपाय सोपा आहे. घरचा वीजमीटर वाचण्याचे काम मुलांकडे सोपवावे. रोज ठराविक वेळी त्यावरील युनिटांचा आकडा वहीत उतरवून त्यातून आदल्या दिवशीचा आकडा वजा करावा. उरेल तो दिवसाचा खर्च. विजेचे दर राज्याराज्यांत निराळे असले, तरी युनिट सर्वत्र एकच. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. मीटर केवळ पाहावयाचा, त्याला हात लावावयाचा नाही, हे मात्र प्रथमच बजावून सांगावे.

पुढचा हिशेब मुलेच करतील. छताचा साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. रिकाम्या खोलीत तो रोज चार तास फिरत राहिला, तर ३० दिवसांत ९ युनिटे वाया जातात. पंखा खोली थंड करीत नाही. तो अंगावरील घाम वाळवून आपल्याला गारवा देतो. माणूसच नसेल, तर त्याचे फिरणे व्यर्थ, हे एकदा उमगले की बटण बंद करावयास सांगावे लागत नाही. तसेच, ६० वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो, हेही मुलांना वहीवरून पडताळून पाहता येईल.

तथापि काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. अभ्यासाचा दिवा, आजी-आजोबांच्या वाटेवरचा रात्रीचा दिवा आणि उकाड्यात आजाऱ्याचा पंखा यांवर काट मारू नये. आकडा वाढला म्हणून मुलांवर रागावणेही योग्य नव्हे. २,००० वॅटचा गीझर पाणी तापवीत असताना अर्ध्या तासात एक युनिट खर्चितो, आणि तो चालू ठेवून विसरणारे बहुधा वडीलधारेच असतात! वहीत सर्वांचीच नोंद होते. म्हणूनच मुलांना ती न्यायाची वाटते.

महिनाअखेर वही आणि बिल शेजारी ठेवून सर्वांनी एकत्र बसावे. काही रक्कम वाचली असेल, तर तिचा विनियोग मुलांना विचारून करावा.