ज्वालामुखी पाहायचाय? क्रांती चौकातून जीप काढा

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडची काही मंडळी हल्ली मॉरिशसला जाऊन येतात. भाड्याची मोटार घ्यायची, बेट फिरायचं, क्युरपीप गावचं विझलेलं विवर काठाकाठानं पायी बघायचं, गंगा तलावावर हात जोडायचे. तो तलावही विवरातलाच बरं का. शेजारच्या रियुनियन बेटावर तर ज्वालामुखी अजून जिवंत आहे. कड्यापर्यंत मोटार जाते, पुढे थिजलेल्या लाव्हावरून पायपीट. २००७ साली हा लाव्हा किनाऱ्याचा हमरस्ता तोडून समुद्राला मिळाला. हौस करावी, आमची ना नाही. पण मॉरिशसच्या उसाच्या फडात काळ्या दगडांचे जे ढीग रचलेले असतात, ते ओळखीचे वाटत नाहीत का?

वाटणारच. बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की, आज रियुनियनखाली जी भट्टी पेटलेली आहे तिनंच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला दख्खनचा खडक ओतला. आपली भूमी तेव्हा दक्षिणेला, त्या भट्टीवर होती. भूमी उत्तरेला सरकली, भट्टी मागं राहिली, आणि पुढं तिनंच आधी मॉरिशस व नंतर रियुनियन उभं केलं.

तेव्हा हा ज्वालामुखी बघायला पासपोर्ट लागत नाही. क्रांती चौकातून जीप काढा, नगर नाक्यावरून पडेगाव, मिटमिटा करत दौलताबादला उतरा. किल्ल्याचा खंदक अखंड काळ्या पाषाणात तासलेला आहे, त्यात पाणी मुरायला जागा किती ते डोळ्यांनी बघा. मग घाट चढून खुलताबाद, आणि पुढं वेरूळ. इथं मात्र जीप सोडून पायी हिंडा. देवाला नमस्कार झाला की भिंतीकडं बघा. लाव्हा एकदम नाही, थरावर थर आला. कुठं घट्ट पाषाण, कुठं आपले विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांचा खडक. पावसाळा सरल्यावरही काही ठिकाणी भिंत ओली दिसते. ते पाणी भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून आलेलं असतं. घट्ट पाषाण कोरडाच.

हेच थर तुमच्या बोअरमध्ये असतात, फक्त दिसत नाहीत.

माझ्या मेहुण्यानं एका उन्हाळ्यात चार बोअर घेतले. पाणाड्यानं हातावर नारळ उभा केला, गाडी आली, चौथा बोअर सातशे फुटांवर गेला. निघाला नुसता फुफाटा. बहिणीच्या पाटल्या त्यात गेल्या, त्या अजून सोडवलेल्या नाहीत. आपल्या खडकात पाणी असतं ते बहुतेक वरच्या मुरमात, भेगांत आणि सांध्यात. खोल गेलं की हमखास लागेल हा भ्रम आहे, आणि लागलंच तर पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीतलं ओढलेलं असतं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. गावात किती जणांना ठाऊक आहे? सरपंचांनी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) सांगायचं नाही तर कोणी?

खुलताबादला ज्याची कबर आहे त्या मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराला नहरीनं पाणी दिलं. डोंगरात मुरलेलं पाणी गोळा करून उतारानं जमिनीखालून आणलं. त्याच्याकडं बोअरची गाडी नव्हती, म्हणून त्याला डोंगर वाचावा लागला. आपण गाडी आली आणि वाचणं सोडलं.

आमचं स्पष्ट मत आहे की, पुढच्या पाझर तलावाचा ठराव कार्यालयात खुर्चीवर बसून होऊ नये. आधी ओढ्यानं पायी चला, वरच्या माळापासून गावापर्यंत. मुरूम कुठं उघडा आहे, पाषाण कुठं, कोणती जुनी विहीर चैतापर्यंत टिकते, हे वहीत लिहा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला बोलवा, पण ती वही त्याच्या हातात द्या. आणि सोबत एखादा जुना विहीर खोदणारा न्या. पोराटोरांना त्याच्या मागं चालू द्या. सुरुंगाच्या पहारीचा आवाज ऐकून खाली कुठला थर आहे ते सांगणारी माणसं आता गावोगाव एखाददुसरीच उरली आहेत, आणि तीही सत्तरीच्या पुढची.