मुक्काम कुठे टाकायचा?

मुलांनो, सहलीला निघालात आणि बाईंनी विचारलं, "रात्री राहायला कुठली जागा निवडू या?" तर तुम्ही काय सांगाल? आमच्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न टाकला. सगळे एका सुरात ओरडले, "नदीकाठची!" का, तर डुंबायला मिळतं, पाण्यात भाकऱ्या काढता येतात, आणि झोपताना पाण्याचा आवाज येतो.

अगदी हेच उत्तर माझ्या भाच्याने, ईशानने दिलं होतं. ईशान अमेरिकेत डेन्व्हर शहरात राहतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या दादाने आठवडाभरासाठी एक 'आर. व्ही.' भाड्याने घेतली. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचं घरच म्हणा ना! आत ओटा, शेगडी, पलंग, न्हाणीघर, सारं काही. हे घर घेऊन रॉकी पर्वतात हिंडायचं आणि रात्री कॅम्पग्राउंडवर, म्हणजे अशा गाड्यांच्या तळावर थांबायचं. काही तळांवर वीज-पाणी जोडून मिळतं, सांडपाणी ओतायची सोय असते. काही ठिकाणी यातलं काहीच नसतं.

तळ निवडायचं काम दादाने ईशानवर सोपवलं. सातवीतला मुलगा तो! त्याने एकाच खोऱ्यातल्या दोन जागा शोधून काढल्या. पहिली ओढ्याच्या अगदी काठावर. डोंगराच्या घळीतून ओढा बाहेर पडतो, तिथेच. छान सपाट जमीन, गर्द सावली. दुसरी ओढ्यापासून दूर, थोड्या उंचावरच्या माळावर. तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. फोनवर मला म्हणाला, "आत्या, पहिलीच मस्त आहे. पण बाबा उगाच नाही म्हणतोय!"

उगाच? छे! त्यामागचं कारण आज तुम्हांला सांगते.

जोराचा पाऊस पडून गेल्यावर शाळेच्या मैदानाच्या कडेला कधी पाहिलंत? उतारावरून पाणी माती-वाळू घेऊन धावत येतं. सपाटीवर आलं की त्याचा वेग कमी होतो, आणि आणलेलं ओझं ते तिथेच टाकतं. त्या वाळूचा आकार असतो उघडलेल्या पंख्यासारखा. डोंगरातला ओढाही हेच करतो, फक्त वाळूबरोबर मोठमोठे दगडसुद्धा आणतो. घळीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं हा गाळ साचून पंखाकृती मैदान तयार होतं. टाकलेल्या गाळाने ओढ्याची वाट बुजते, मग तो दुसरी वाट धरतो. आज डावीकडे वाहणारा ओढा एखाद्या पुरात उजवीकडे वळू शकतो. म्हणजे ती छान सपाट जमीन कोणी केली? ओढ्यानेच! आणि तो तिथे पुन्हा येऊ शकतो.

स्पेन देशात पिरेनीज पर्वतात बिएस्कास नावाचं गाव आहे. गावाजवळ अशाच पंखाकृती मैदानावर 'लास निएवेस' नावाचा तळ होता. वरच्या घळीत बांध घातलेले होते, ओढ्याला बांधीव पात्र करून दिलेलं होतं. ओढा आता काबूत आहे, असंच कोणालाही वाटावं. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी वर डोंगरात तुफान पाऊस झाला. बांध फुटले, आणि त्यांच्यामागे साचलेले दगडगोटेही पाण्याबरोबर खाली आले. ८७ माणसं दगावली. त्यांत सुट्टीवर आलेली मुलंही होती.

"स्पेन कुठे, आपण कुठे!" ईशान म्हणाला. तेव्हा दादाने त्याला जवळचंच उदाहरण दिलं. डेन्व्हरच्या उत्तरेला बिग थॉम्प्सन नदीची अरुंद घळ आहे. ३१ जुलै १९७६, शनिवारची संध्याकाळ. सुट्टीचे दिवस, घळीत पर्यटकांची गर्दी. वरच्या भागात काही तासांत सुमारे १२ इंच पाऊस कोसळला. खालच्या भागात मात्र फारसा पाऊसच नव्हता! त्यामुळे पूर येतोय हे पुष्कळांना खरंच वाटेना. १४४ माणसांचा बळी गेला. रस्ता नदीलगतच होता. गाडीतून पळून जाऊ म्हणणारे कित्येक जण सापडले. गाडी तिथेच सोडून डोंगर चढले ते कितीतरी जण वाचले. आता त्या रस्त्याला पाट्या आहेत : पूर आल्यास वर चढून जीव वाचवा.

हे ऐकून ईशान गप्प झाला. मग बाप-लेकांनी मिळून वहीत प्रश्नच लिहून काढले. गाडी किती फूट लांब, आणि तळावरच्या जागेत ती मावेल का? कारण काही तळांवर मोठ्या गाड्या घेतच नाहीत. तळ किती उंचीवर आहे? डेन्व्हरच मुळी ५,२८० फुटांवर आहे, जवळजवळ आपल्या कळसूबाईएवढं! तिथून एकदम आणखी वर गेलं तर डोकं दुखतं, मळमळतं. म्हणून पहिला मुक्काम फार उंचावर नको. डोक्यावर वाळलेली झाडं आहेत का? वाऱ्याने ती उन्मळून पडतात. अस्वलांचा वावर आहे का? असेल तर खाऊचा कणही बाहेर राहता कामा नये. आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत : रात्री पाणी आलंच, तर कुठून येईल? आपण पायी वर कुठे चढू?

शेवटी माळावरचा तळ ठरला. आता तुम्ही विचाराल, "मग त्या रात्री पूर आला का?" नाही हो! थेंबभरही पाऊस पडला नाही. आकाशात चांदणंच चांदणं. ईशान जरा फुरंगटलाच.

सकाळी सगळे ओढ्यावर गेले. ईशानच्या लाडक्या जागेवर एका झाडाखाली भला मोठा धोंडा होता, त्याच्या छातीएवढा उंच. ओढा तिथून चांगला पन्नास पावलं लांब. ईशान धोंड्यावर चढून बसला, आणि एकदम म्हणाला, "बाबा, हा इथे कोणी आणला?" दादा नुसता हसला. ईशानने एकदा ओढ्याकडे पाहिलं, एकदा घळीकडे, आणि हळूच खाली उतरला. हे सांगताना फोनवर त्याचा आवाज जरा बदललाच होता!

आता तुमच्याकडे वळू या. आपल्याकडे आर. व्ही. नसेल, पण डोंगर आहेत, ओढे आहेत, आणि पावसाळी सहली तर आहेतच. ओढ्याकाठी डबे सोडण्याआधी तीन गोष्टी बघा. झाडांच्या फांद्यांत गवत, काटक्या, पिशव्या अडकल्यात का? मागचा पूर तिथवर आला होता, बरं का! ओढ्यापासून लांब गोल गुळगुळीत गोटे पसरलेत का? आणि गावातल्या एखाद्या आजोबांना विचारा, "पाणी कुठवर चढतं?" त्यांना जे ठाऊक असतं ते नकाशात सापडत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं, तरी ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा वाढू लागलं, तर सामान गोळा करत बसू नका. आधी वर चढा.

आईबाबांनो, एक विनंती. मूल "इथे नको थांबू या" म्हणालं, तर "भित्रा कुठला!" म्हणू नका. का नको, ते विचारा. कदाचित त्याने फांदीत अडकलेलं गवत पाहिलं असेल.

आमच्या वर्गाने गावच्या ओढ्याचा नकाशा काढायला घेतलाय. कुठे पाणी चढतं, कुठे चढत नाही, ते घरोघरी विचारून. तुम्हीही आपल्या गावचा काढा, आणि मला जरूर पाठवा. वाट पाहते हं!