ओझ्याचा हिशेब



बायकांच्या बैठकीत तब्येतीचा विषय काढला की सुरुवातीला सगळ्या गप्प असतात. मग कुणीतरी म्हणते, "तसं काही नाही, फक्त कंबर दुखते." आणि मग एकेक जण बोलू लागते. वस्त्यांमधून आणि गावांमधून काम करताना हे 'फक्त' मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की कंबरदुखी हा आजार नसून बाईच्या जन्माचा भागच आहे असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं आहे की काय, असं वाटतं.

आकडे काही वेगळंच सांगतात. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. अपंगत्वाने वाया जाणारी जितकी वर्षं मोजली जातात, त्यांत पहिला क्रमांक याच दुखण्याचा. आणि त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त. या अंकासाठी आरोग्याचा विषय ठरला तेव्हा कंबरदुखीवरचं संशोधन मी मुद्दाम वाचून काढलं. त्यातला मोठा भाग खेळाडूंच्या शरीरावर झालेला आहे. खेळाडूंशी आपला काय संबंध, असं तुम्ही विचाराल. माझ्या मते फार जवळचा संबंध आहे.

क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजाचं उदाहरण घेऊ. चेंडू टाकताना त्याचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या काही पट जोर शरीरातून वर जातो. त्याच क्षणी कंबर एका बाजूला वाकलेली आणि पिळलेली असते. हे पुन:पुन्हा झालं की कंबरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक चीर जाते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या विद्यापीठात ब्रूस एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात तरुण गोलंदाजांच्या हालचालींचं चित्रण करून दाखवलं, की खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला ठेवून टाकणाऱ्यांच्या पाठीला धोका अधिक असतो. शरीराच्या हालचालींमागचं यंत्रशास्त्र, म्हणजे बायोमेकॅनिक्स, ते हे. पुढे शिकवण्याच्या पद्धती बदलल्या. लहान वयाच्या गोलंदाजांनी किती चेंडू टाकायचे याच्या मर्यादा इंग्लंड-ऑस्ट्रेलियात आखल्या गेल्या. आपल्या जसप्रीत बुमराहला २०१९ साली पाठीला अशीच चीर गेली, २०२३ साली शस्त्रक्रिया झाली, आणि कित्येक महिन्यांच्या विश्रांतीनंतर, हळूहळू सराव वाढवत, तो परत आला. त्याला कुणी म्हटलं नाही की गोलंदाजाच्या जातीला हे चालायचंच.

या शास्त्राने दोन साध्या गोष्टी शिकवल्या. एक, शरीरावर पडणारं ओझं मोजता येतं. दोन, ओझं मुळात वाईट नसतं. ओझं आणि विश्रांती यांचा मेळ बसला तर हाडं आणि स्नायू बळकट होतात. मेळ चुकला, ओझं एकदम वाढलं, मधे विसावा मिळाला नाही, की शरीर मोडतं.

ओझं उचलण्याचंही मोजमाप झालेलं आहे. जर्मनीत उल्म इथे झालेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका माणसाच्या कंबरेच्या मणक्यांमधल्या चकतीत दाब मोजणारं उपकरण बसवलं होतं. तो नुसता उभा असताना जेवढा दाब होता, त्याच्या दुपटीहून थोडा जास्त दाब २० किलो वजन छातीशी धरल्यावर आला. तेच वजन पाठ वाकवून उचललं, तेव्हा तो साडेचार पटींहून अधिक झाला. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेचं १९९१ चं सूत्र तर सांगतं, की सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी हातांनी २३ किलोपेक्षा जास्त उचलायला लावू नये. उसाची मोळी बांधून डोक्यावर घेणारी, फळीवरून ट्रकवर चढणारी बाई कुठल्या सूत्रात बसते?

ती बसत नाही, कारण सूत्रं करताना ती समोर नव्हतीच. उल्मच्या प्रयोगातला तो एकटा माणूस पंचेचाळीस वर्षांचा निरोगी पुरुष होता. २०१४ ते २०२० या काळातले क्रीडा व व्यायामशास्त्रातले ५,२६१ शोधनिबंध तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या सहभागी व्यक्तींपैकी फक्त ३४ टक्के स्त्रिया निघाल्या. केवळ पुरुषांवर केलेले अभ्यास ३१ टक्के, केवळ स्त्रियांवर केलेले ६ टक्के. इंग्लंडमध्ये लाफबरोच्या संशोधकांनी वेगवान गोलंदाज स्त्रियांच्या हालचाली तपासल्या, तेव्हा त्यांची पद्धत पुरुषांपेक्षा वेगळी असल्याचं २०१९ साली पुढे आलं. म्हणजे तोवर त्यांना जे शिकवलं जात होतं ते पुरुषांच्या शरीरावरून काढलेलं होतं.

कष्टकरी बाईकडे संशोधकांचं लक्ष गेलं तेव्हाही प्रश्न भलताच विचारला गेला. १९८६ साली केनियातल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास गाजला. स्वत:च्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढं ओझं डोक्यावर घेऊन त्या जादा शक्ती न खर्चता चालतात, असा त्याचा निष्कर्ष होता. सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा स्त्रियांवर पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा असं फुकटात काही होत नाही असं दिसलं. शिवाय मानेचं दुखणं पुढे आलं. पहिल्यांदा त्यांचा श्वास मोजला होता, दुखतं का हे विचारलं नव्हतं.

आता उपचारांकडे वळू. एक्स-रे किंवा एमआरआय काढून "मणक्यात गॅप आहे" असं सांगितलं की बाई घाबरून जाते. आपली पाठ झिजली, आता वाकायचं नाही, असं ती धरून चालते. पण काहीही दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला, तेव्हा पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्यांत झीज दिसली. चित्रातली झीज म्हणजे दुखण्याचं कारण, असं सरळ गणित नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायाम, दुखण्याविषयी नीट समजावून सांगणं आणि मानसिक आधार यांवर भर आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणं यांची शिफारस नाही. व्यायामाचा उपयोग होतो हे २४९ चाचण्यांच्या आढाव्यातून २०२१ मध्येच पुढे आलं होतं.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती ऑस्ट्रेलियातली ४९२ जणांवरची चाचणी, २०२३ साली प्रसिद्ध झालेली. फिजिओथेरपिस्टने रुग्णाजवळ बसून तिची हकीगत ऐकायची, कोणत्या हालचालीची तिला भीती वाटते ते समजून घ्यायचं आणि ती हालचाल पायरीपायरीने परत मिळवून द्यायची, अशी ही पद्धत. साताएक भेटी आणि नंतर आठवणीची एक. एका गटाला याच्या जोडीला हालचाली मोजणारी उपकरणंही अंगावर लावली होती. नेहमीच्या उपचारांपेक्षा दोन्ही गटांना पुष्कळ फायदा झाला, आणि तो तीन वर्षांनंतरही टिकला. उपकरणांनी मात्र त्यात भर घातली नाही. ऐकून घेणं आणि बरोबर राहून हिंमत वाढवणं यांनी काम केलं.

आपल्याकडे बाईचं ऐकून घेतलं जात नाही तेव्हा काय होतं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या प्रश्नावर राज्य सरकारने २०१९ साली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर दुखणं, अशा तक्रारी घेऊन आलेल्या बाईला "पिशवी काढून टाका" हे उत्तर किती सहज दिलं जातं, हे आपण गावोगाव पाहतो. कंबरदुखीच्या मागे कधी ओटीपोटातला जंतुसंसर्ग असू शकतो; त्याची तपासणी आणि औषधोपचार व्हायलाच हवेत. पण पिशवी काढल्याने डोक्यावरची मोळी हलकी होत नाही. बीजकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि ती बाई पुन्हा त्याच फडात उभी राहते. नवराबायको मिळून एक कोयता, डोक्यावर उचलीचं कर्ज आणि खाडा केला तर दंड. खेळाडूला जी विश्रांती उपचार म्हणून मिळते, तिच्यासाठी हिच्या मजुरीतून पैसे कापले जातात.

घरातही वेगळं नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्याच ७०१ जणांवरच्या चाचणीत, ज्यांत पाचांत चार स्त्रिया होत्या, नियमित चालण्याने कंबरदुखी परत उद्भवायला लागणारा काळ जवळजवळ दुप्पट झाला: ११२ दिवसांऐवजी २०८ दिवस. म्हणजे औषध फुकटचं आहे. पण त्यासाठी हळूहळू दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, इथपर्यंत जायचं असतं. हा अर्धा तास आणायचा कुठून? भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटं देतात, तर पुरुष ८८. "ती दिवसभर चालतेच की" असं घरचे म्हणतात. पण हंडा घेऊन, हाकेला ओ देत चालणं वेगळं, आणि आपल्या चालीने, रिकाम्या हातांनी चालणं वेगळं.

म्हणून कंबरदुखी हा केवळ दवाखान्याचा विषय नाही, ओझं आणि विश्रांती यांच्या वाटणीचा विषय आहे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट हवी, ऊसतोडीत मोळीच्या वजनाला मर्यादा आणि आजारपणात दंडाविना सुट्टी हवी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आणि घरात पाणी भरणं, पीठ आणणं, गादी उचलणं यांची वाटणी आजच मागता येईल.

एक सूचना गटागटांत जरूर सांगा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप येत राहणं किंवा वजन घटणं, यांतलं काही असेल तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे मणक्याचा क्षयही असतो.

आणि पुढच्या बैठकीत एक काम करा. दिवसभरात कोण किती वेळा, किती वजन, किती अंतर उचलते आणि मधे किती वेळ बसते, हे प्रत्येकीने सांगायचं आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. काटा नसेल तर हंडे आणि मोळ्या मोजा. ते कागद आमच्याकडे पाठवा. गोलंदाजाचा एकेक चेंडू मोजला जातो. आपलंही ओझं आकड्यांत मांडलं गेलं पाहिजे.