डोक्यातील कोंडा : लाज नको, उपाय हवा



गळीत हंगाम सुरू होतो, थंडी पडते आणि डोक्यातला कोंडाही वाढतो. सदऱ्यावर, पदरावर पांढरे खवले दिसले की लगेच कोणीतरी म्हणतो, "आंघोळ करतोस की नाही?" हे बोलणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

कोंडा हा घाणीचा रोग नव्हे. मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या टाळूवर असतेच. टाळूच्या तेलकटपणावर ती पोसते. काहींच्या कातडीला ते सोसत नाही. मग खाज सुटते, कातडी भराभर निघते. कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यापायी घरात कोणाला वेगळे काढू नये. उवांची गोष्ट निराळी.

"रात्री तेल चोपडा" हा सल्ला घरोघरी मिळतो. पण तेलाने खवले चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात, इतकेच. मूळ कायम राहते.

उसावर तांबेरा दिसला तर आपण औषध कोणते, मात्रा किती, हे शेतकी खात्याला विचारतो. फवारणीवर लगेच पाऊस आला तर औषध वाया जाते, हेही जाणतो. मग डोक्याला वेगळा न्याय का? २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू टाळूवर चोळून ३ ते ५ मिनिटे ठेवावा, मग धुवावा. आठवड्यातून २ वेळा, असे २ ते ४ आठवडे करावे. लावला की धुतला, तर पैसे पाण्यात! कोंडा पुन्हा येऊ शकतो, म्हणून उतार पडल्यावरही अधूनमधून वापरावा. कायमचा घालवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

महिनाभरात फरक न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे. जाड चंदेरी पापुद्रे असतील तर तो सोरायसिस असू शकतो. पोराच्या डोक्यात केस झडून चट्टा पडला तर गजकर्णाची शंका धरावी. त्याला पोटात औषध लागते, नुसत्या शाम्पूने भागत नाही. आणि कोणी सांगितली म्हणून स्टेरॉइडची ट्यूब मनाने चोळू नये.

शाळेत चिडवतात म्हणून पोरे मान खाली घालून बसतात, सांगत नाहीत. पिकावर रोग पडला तर आपण शेतकऱ्याची लाज काढत नाही; त्याला औषध सांगतो. माणसाच्या बाबतीतही तेवढे करावे, एवढेच आमचे म्हणणे.