सही करण्याआधी

नारायणगड परिसरातल्या भगिनींनो, जमिनीच्या कागदावरचे इंग्रजी शब्द एकसारखे वाटतात, पण अर्थ निराळे असतात. ‘रिलीज डीड’ म्हणजे हक्कसोडपत्र. सामाईक मालमत्तेतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या नावे सोडणे. ‘गिफ्ट डीड’ म्हणजे बक्षीसपत्र. ते हिस्सेदार नसलेल्यालाही करून देता येते. ही दोन्ही एकदा नोंदली की सहसा मागे फिरत नाहीत. ‘विल’ म्हणजे मृत्युपत्र. करणारा हयात असेपर्यंत ते बदलू शकतो.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आम्हा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. लग्न झाले म्हणून तो जात नाही.

माहेर तुटेल या धाकाने साडीचोळीवर अंगठा उठतो, हे आम्ही जाणतो. भावाला प्रेमाने द्यायचे तर जरूर द्यावे. पण कागद वाचून घ्यावा, सातबारा पाहावा, मगच सही करावी. हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडण्याचे एक मोठे कारण होते. ज्या हक्कासाठी त्यांनी पद सोडले, तो आपण न कळता सोडू नये.